विश्लेषण : युजर बदलला, टर्मिनलचा मालक तोच! सर्व्हरवर ‘६६६’चा शॉर्टकट का टाळावा?

सर्व्हरवर लॉग-इन करायचे, ‘एसयू’ कमांडने दुसरा युजर व्हायचे आणि ‘स्क्रीन’ सुरू करायचे, हा लिनक्सवर काम करणाऱ्या अनेकांचा नेहमीचा क्रम. पण नेमके तिथेच ‘टर्मिनल उघडता येत नाही’ असा संदेश येतो. मग इंटरनेटवर सापडलेला उपाय केला जातो: टर्मिनलच्या फाइलला ‘सीएचमॉड ६६६’. एरर जाते, काम पुढे सरकते. पण हा प्रकार रोगापेक्षा इलाज भयंकर असा आहे.

नेमके काय घडते?

युनिक्समध्ये टर्मिनल हीदेखील एक फाइलच. एसएसएचने लॉग-इन केले की ‘/डेव्ह/पीटीएस’ या डिरेक्टरीत त्या सेशनची फाइल तयार होते. तिची मालकी लॉग-इन करणाऱ्याकडे असते. परवानगी साधारणपणे ६२० असते. म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येते, ‘टीटीवाय’ गटाला फक्त लिहिता येते आणि इतरांना काहीच नाही.

‘एसयू’ केल्यावर प्रोसेसचा युजर बदलतो, फाइलचा मालक बदलत नाही. घरात राहणारा बदलला, पण वीजबिलावर नाव जुन्याचेच, तसे हे. तरीही साध्या कमांड चालतात, कारण परवानगी फाइल उघडताना तपासली जाते आणि ती आधीच उघडलेली असते. ‘स्क्रीन’ मात्र तीच फाइल नावाने पुन्हा उघडायला जाते आणि अडते.

६६६ मध्ये धोका काय?

६६६ दिले की मशीनवरील प्रत्येक युजरला ती फाइल वाचता आणि लिहिता येते. दुसऱ्या कुणी ती वाचायला घेतली, तर टाइप केलेली अक्षरे त्याच्याकडे जाऊ शकतात. त्यात पासवर्डही आला. शिवाय स्क्रीनवर खोटा मजकूरही दाखवता येतो. कॉलेजच्या लॅबमधील किंवा कंपनीच्या सामायिक सर्व्हरवर हा धोका किरकोळ नाही.

रूट युजर तरी सुरक्षित आहे का?

नेहमीच नाही. रूटने ‘एसयू’ करून कमी अधिकारांच्या युजरचा प्रोग्रॅम चालवला, तर दोघांचे टर्मिनल एकच राहते. ‘टीआयओसीएसटीआय’ या जुन्या सुविधेने तो प्रोग्रॅम टर्मिनलच्या इनपुटमध्ये अक्षरे घुसवू शकतो. प्रोग्रॅम संपल्यावर रूटचा शेल ती कमांड म्हणून चालवतो. ओपनबीएसडीने २०१७ मध्ये ही सुविधाच काढून टाकली. लिनक्सने २०२३ मध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीपासून ती बंद करण्याचा पर्याय दिला.

मग योग्य मार्ग कोणता?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्या युजरचे काम आहे, त्याच नावाने थेट एसएसएच करणे. तेव्हा टर्मिनल पहिल्यापासून त्याच्याच मालकीचे असते. पण सामायिक खात्यात सगळेच थेट शिरू लागले, तर काम कोणी केले हे कळत नाही. अशा ठिकाणी ‘सुडो’ बरे. त्यात नोंद राहते आणि ‘यूज-पीटीवाय’ सेटिंग असेल, तर नवे टर्मिनलही मिळते. २०२३ मधील १.९.१४ आवृत्तीपासून हे सेटिंग आपोआप सुरू असते. जुन्या सर्व्हरवर ते तपासून घ्यायला हवे. लिनक्सच्या ‘एसयू’लाही ‘--पीटीवाय’ हा पर्याय आहे.

‘स्क्रिप्ट /डेव्ह/नल’ ही युक्तीही लोकप्रिय आहे. तिने नव्या युजरच्या नावाने टर्मिनल तयार होते आणि एरर जाते. मात्र बाहेरचे मूळ टर्मिनल तसेच राहते. त्यामुळे ती सोय आहे, संरक्षण नव्हे.

एरर म्हणजे दरवेळी बिघाड नसतो. इथे तर सिस्टिम आपले कामच करत असते. ते समजून न घेता ६६६ देणे म्हणजे किल्ली हरवली म्हणून दारच काढून ठेवणे. सर्व्हरची जबाबदारी असणाऱ्यांनी हा शॉर्टकट नव्या सहकाऱ्यांना शिकवणे आता थांबवायला हवे.