घरबसल्या खरेदी : पैसा राखावा कसा?

मोहरीची पेरणी तोंडावर आली की शेतकऱ्याच्या घरात खर्चाची यादी लांबत जाते. बियाणे, खत, फवारणीचा पंप, पाण्याचा पाइप. पूर्वी यासाठी डबरा-भितरवारकडच्या माणसाला लष्करच्या बाजारात यावे लागे. दुकानदार ओळखीचा असे आणि वस्तू बिघडली तर त्याच्या दारात जाऊन बसता येई. आता तीच वस्तू मोबाइलवर दिसते, चार पैशांनी स्वस्त दिसते आणि थेट गावात येऊन पोहोचते. या सोयीला आम्ही नावे ठेवणार नाही. भाड्याचे पैसे वाचतात, दिवस मोडत नाही. मात्र जाऊन बसायला ते दार आता राहिलेले नाही, एवढे ध्यानात ठेवूनच पैसे मोजले पाहिजेत.

हे लिहिण्यास कारण घडले आहे. आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी बंधूने मोबाइलवरील जाहिरात पाहून बॅटरीवर चालणारा फवारणी पंप मागवला. बाजारात अडीच-तीन हजारांचा पंप तिथे ९९९ रुपयांना होता. पैसे आगाऊ भरले, पंप आला नाही. मग त्यांनी कंपनीचा नंबर मोबाइलवरच शोधला. जो सापडला त्यावर एक माणूस फार गोड बोलला. पैसे परत देतो, म्हणाला. मी पाठवतो ते चौकोनी चित्र स्कॅन करा आणि पिन टाका. पिन टाकताच १८ हजार गेले. चूक झाली, आता दोन्ही रकमा एकदम परत करतो, असे म्हणून त्याने पुन्हा पिन टाकायला लावला. आणखी २४ हजार गेले. मंडीत गहू विकून खतासाठी बाजूला ठेवलेला तो पैसा होता. त्यांनी ही गोष्ट अकरा दिवस कोणाला सांगितली नाही. खत आणायची वेळ आली, तेव्हा घरधनिणीला कळले.

वाचकहो, ९९९ रुपयांच्या मोहाबद्दल आम्ही त्यांना बोल लावणार नाही. स्वस्त पाहून हात पुढे करणे हा शेतकऱ्याचा स्वभावच आहे, आणि तो स्वभाव बाजाराने घडवला आहे. आमचे म्हणणे दोन गोष्टींविषयी आहे : तो पिन आणि ते अकरा दिवस.

प्रथम पिनविषयी. यूपीआयची सोय २०१६ साली आपल्या देशात सुरू झाली आणि आज चहाच्या टपरीवरही तिचे चित्र चिकटवलेले दिसते. या व्यवहारात पिन ही पैसे देणाऱ्याची सही आहे. पैसे घेणाऱ्याला सही करावी लागत नाही. आपल्या खात्यात पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही, काही स्कॅन करावे लागत नाही, काही दाबावे लागत नाही. ते आपोआप येतात. परतावा, अनुदान, बक्षीस, कोणतेही नाव घेऊन कोणी पिन मागितला, तर तो घ्यायला आला आहे असेच समजावे. ही एक गोष्ट त्या बंधूंना ठाऊक असती तर नुकसान ९९९ रुपयांवर थांबले असते. पिन चार किंवा सहा आकड्यांचा असतो, तो मुलाबाळांनाही पाठ असतो. पण तो कशासाठी आहे हे आम्ही कधी कोणाला शिकवले? नुसते ‘पिन कोणाला सांगू नका’ एवढेच शिकवले. त्यांनी तो सांगितला नव्हताच, स्वतःच्या हाताने टाकला होता.

दुसरी चूक नंबर शोधण्याची. तक्रारीचा नंबर मोबाइलवर शोधून मिळतो तो कंपनीचाच असेल असे नाही. ठगही आपले नंबर तिथे पेरून ठेवतात. नंबर घ्यावा तो वस्तूच्या पावतीवरचा, बँक पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डाच्या पाठीवरचा. फोनवरच्या माणसाने एखादे अॅप घालायला सांगितले तर फोन ठेवून द्यावा. काही अॅपमधून आपला पडदा त्याला तिकडे बसल्या बसल्या दिसतो. व्हॉट्सअॅपवर सरकारी योजनेच्या नावाने येणारी फाइलही उघडू नये.

योजनेवरून आठवले. सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने (ही योजना २०१९ ची) खोटी संकेतस्थळे उघडून शेतकऱ्यांकडून नोंदणीचे पैसे उकळल्याचे प्रकार घडले आणि केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार सूचना काढाव्या लागल्या. केंद्र सरकारच्या खऱ्या संकेतस्थळांचा शेवट बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणून भुलू नये. कुलूप एवढेच सांगते की वाटेत तुमचे बोलणे कोणी ऐकणार नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे की लबाड, हे ते सांगत नाही.

अनोळखी विक्रेत्याकडून घेताना वस्तू दारात आल्यावरच पैसे द्यावेत. खोक्यात विटा निघाल्याचे आपण ऐकतो, म्हणून उघडून दाखवण्याची सोय असेल तर तीच निवडावी. गुडघेदुखीच्या तेलाला आणि साखर उतरवणाऱ्या चूर्णाला तर आगाऊ पैसे पाठवूच नयेत. तिथे पैशाबरोबर प्रकृतीही जाते. आणि आमचा आग्रह असा की पिकाचा पैसा आणि मोबाइलचा पैसा एका खात्यात असू नये. एक लहान खाते वेगळे उघडावे, त्यात दोन-तीन हजार ठेवावेत, मोबाइल त्यालाच जोडावा. मंडीचा पैसा ज्या खात्यात येतो त्याला मोबाइल लावूच नये. बँकेत एक फेरी जास्त पडेल, ती पडू द्यावी.

आता त्या अकरा दिवसांविषयी. आमच्या मते खरे नुकसान तिथे झाले. फसवणूक झाली की १९३० या नंबरावर फोन करायचा असतो. तिथे रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक सांगितला की पैसा ज्या बँकेत गेला तिला कळवले जाते आणि तो तिथे असेल तर अडवला जातो. पुढच्या बँकेत गेला असेल तर तिच्याकडे निरोप जातो. पण एटीएममधून काढला गेला की अडवायला काही उरत नाही. ही शर्यत तासांची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानेही असे ठरवून दिले होते की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे न कळवलेल्या प्रत्येक दिवसाचा तोटा आपल्याच माथी.

मग ते गप्प का राहिले? लाजेने. आपण हसू म्हणून. हे आम्हांस लागून राहिले आहे. २०२५ साली याच ग्वाल्हेरात रामकृष्ण मिशन आश्रमाच्या सचिवांना खोट्या पोलिसांनी जवळजवळ महिनाभर फोनवर धाक घालून सुमारे अडीच कोटी रुपये लुबाडले. जिथे एक विद्वान संन्यासी फसतो, तिथे आपल्या बंधूने मान खाली का घालावी? शुभवर्तमानातील नाणे हरवलेली ती बाई दिवा लावते, घर झाडून काढते. गप्प बसून राहत नाही. आणि पुढे ती शेजारणींना बोलावते, कारण त्या हसतील असे तिला वाटत नाही. आपल्या मिस्सानंतरच्या घोळक्यात असे कोणाला वाटते का?

त्या बंधूंनी बाराव्या दिवशी तक्रार केली. तक्रार नोंदली गेली, पण ज्या खात्यात पैसा गेला होता ते रिकामे होते. खत त्यांनी उधारीवर उचलले. आता त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी कोळशाने १९३० असे मोठे लिहिलेले आहे. फोनमध्येच का नाही ठेवले, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, त्या वेळी फोन त्याच माणसाच्या ताब्यात असतो.