पोटरी सुजली तर चोळू नका

छातीत कळ आली की वाईत आता फार कुणी ओवा चघळत बसत नाही. मिळेल त्या गाडीत घालून ईसीजी काढायला आणतात. हृदयातली गुठळी लोकांच्या ओळखीची झाली आहे. फुप्फुसातली मात्र कुणाच्या गावीही नसते.

गेल्या पावसाळ्यात बावधनची एक बाळंतीण माझ्या दवाखान्यात आली. सिझेरियन होऊन पंधरवडा झालेला. डावी पोटरी सुजलेली. आई रोज कोमट तेलानं चोळत होती. रात्रीपासून धाप. "अंगात रक्तच नाही हो डॉक्टर, टॉनिक द्या," आईनं निदानही करून टाकलं होतं. नाडी १२०, ऑक्सिजन ८९, आणि स्टेथोस्कोप लावला तर छाती स्वच्छ. धाप आहे पण छाती स्वच्छ आहे, अशा पेशंटची मला फार धास्ती वाटते.

पायाच्या खोल शिरेतली गुठळी सुटते, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, खुब्याचं ऑपरेशन, पायाचं प्लास्टर, हे तिचे दिवस. खात्रीसाठी सीटी अँजिओग्राफी लागते, म्हणून 'साताऱ्याला न्या' असं चिठ्ठीवर लिहून आपण मोकळे होतो. माझं भांडण त्या चिठ्ठीशी आहे. संशय दाट असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचं पहिलं इंजेक्शन वाईतच द्यावं. १९६० साली ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांकडे कुठे सीटी होतं? पेशंट तपासून, एक्स-रे आणि ईसीजी बघून त्यांनी निदान केलं. औषध न दिलेल्या १९ जणांपैकी ५ जण गुठळीनं दगावले. दिलेल्या १६ जणांपैकी एकही नाही.

"टाके ओले असताना रक्तस्राव झाला तर निस्तरणार कोण?" असं सहकारी विचारतात. रास्त आहे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मीही दहादा विचार करीन. पंधराव्या दिवशी साताऱ्याच्या फिजिशियनला एक फोन पुरतो. गुठळी विरघळवणारी जहाल औषधं वेगळी. ती मुख्यतः रक्तदाब कोसळलेल्यांसाठी, आणि तीही आयसीयूत.

त्या मुलीला इंजेक्शन देऊनच पाठवलं. सीटीत दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या. बाळ अंगावर पितं, म्हणून वॉरफरिन सुरू झालं. निदान तीन महिने गोळ्या आणि अधूनमधून आयएनआरची रक्ततपासणी.

डिस्चार्ज कार्डावर टाक्यांची तारीख असते, पथ्यपाणी असतं. त्याखाली ठळक मराठीत एवढं छापा: एक पोटरी सुजली किंवा धाप लागली तर चोळू नका, थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.