दहा दिवस आणि दहा वर्षं

दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली माणसं हजारोंनी जमतात. 1937 साली याच दिवशी बाबासाहेब तिथे आले होते. धुळ्याला ते आले होते कोर्टाच्या कामासाठी. त्या बॅरिस्टरला वंदन करून परतणारा आपला तरुण घरी आलेलं समन्स मात्र पत्र्याच्या फटीत खोचून ठेवतो. माझा राग यावर आहे.

विशेषतः समरी सूटचं समन्स. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालचा हा दावा. प्रॉमिसरी नोट, हुंडी, लेखी करार किंवा जामीनकीचा कागद असला की सावकार किंवा पतसंस्था तो लावू शकते. समन्स बजावल्यापासून 10 दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवायची. मग दुसरं समन्स येतं, थेट निकालाचं. त्यानंतरच्या 10 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचाव करण्याची परवानगी मागायची. होय, स्वतःचा बचाव करायलासुद्धा परवानगी! यातलं एक जरी चुकलं तरी साक्षीपुरावा न होता हुकूमनामा होऊ शकतो.

पोरगा सुरतेला कामाला. बेलीफ येतो, घरातलं कुणीतरी अंगठा देतं. पोरगा दिवाळीला येतो तेव्हा कागद सापडतो. मग वस्तीतले शहाणे सांगतात, "मुदत गेली, आता काही होत नाही." हे धादांत खोटं आहे.

त्याच आदेशाच्या नियम 3 चा पोटनियम 7 सांगतो की पुरेसं कारण दाखवलं तर कोर्ट दोन्ही टप्प्यांवरचा उशीर माफ करू शकतं. हुकूमनामा झाला असेल तरी नियम 4 प्रमाणे विशेष परिस्थिती दाखवून तो रद्द करून मागता येतो. आपल्याला 'माफी' शब्दच खटकतो, जणू गुन्हा कबूल करतोय. कर्जमाफी मागताना कुणी मान खाली घालतं का?

पण नुसतं "गरीब आहे, अडाणी आहे" लिहून भागत नाही. समन्स कोणी घेतलं, तुम्ही कुठे होता, कधी कळलं, वकील कधी गाठला, हे तारखेनिशी लिहा. हजेरीपट, दवाखान्याचा कागद, जे असेल ते जोडा. बचाव काय आहे तेही सांगा. कोऱ्या कागदावर सही घेतली होती? पैसे फेडले होते? महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याचं कलम 13 तर सावकाराच्या वर्मावरच बोट ठेवतं: कर्ज देताना वैध परवाना नसेल तर त्याचा दावा फेटाळलाच पाहिजे. पण तुम्ही हजरच नसाल तर हा प्रश्न तिथे विचारणार कोण?

घड्याळ कुणासाठी किती पळतं, ते महाडला विचारा. चवदार तळ्यावर आपल्याला मनाई हवी म्हणून सवर्णांनी 12 डिसेंबर 1927 ला दावा लावला आणि 14 तारखेला तात्पुरता मनाई हुकूम निघालासुद्धा. दोन दिवस! आपल्या बाजूचा अंतिम निकाल उच्च न्यायालयातून आला 17 मार्च 1937 ला. बाबासाहेबांनी दहा वर्षं एकही पायरी सोडली नाही. मार्चमध्ये तो निकाल लागला आणि जुलैत ते धुळ्यात दुसऱ्या खटल्यासाठी उभे होते.

आणि सरकार? सरकारी खाती वर्षभर उशिरा अपील घेऊन जातात आणि "फाईल टेबलावर अडकली" असं बिनदिक्कत लिहितात. 2012 साली पोस्ट खात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सुनवावं लागलं की मुदतीचा कायदा सरकारलाही लागू आहे. ते 427 दिवसांची माफी मागायला लाजले नाहीत, आपण 40 दिवसांनी घरी बसतो.

आपल्या पुढाऱ्यांनाही विचारतो. जप्ती आली की मोर्चा काढता, हलगी वाजवता, फोटो टाकता. समन्स आलं त्या आठवड्यात कुठे होता? विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987, कलम 12: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जातीचा दाखला आणि समन्स घेऊन जायचं, एवढंच. जळगाव असो की धुळे, प्रत्येक वस्तीतल्या विहारात एक वही ठेवा. कुणाच्या घरी कोर्टाचा कागद आला, कोणत्या तारखेला आला, त्याच दिवशी त्यात लिहा.