जालना ते जालना, व्हाया मुंबई!

बॉस, भूगोलाचा एक सोप्पा प्रश्न. जुना जालना आणि नवा जालना यांच्यात अंतर किती? मध्ये फक्त कुंडलिका नदी. पूल ओलांडला की झालं! आता हाच प्रश्न इंटरनेटला विचारा. उत्तर येऊ शकतं, आठशे किलोमीटर!

कसं ते बघा. समजा, एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये एका कंपनीचं ब्रॉडबॅण्ड आहे आणि मालकाच्या जुन्या जालन्यातल्या घरी दुसऱ्या कंपनीचं. मालकाला मिलच्या सर्व्हरवरची सळयांच्या स्टॉकची फाइल घरून उघडायची आहे. दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावर लटकतायत, पण एकमेकींशी बोलत नाहीत. मग ती फाइल निघते मुंबईला. तिथे दोन्ही कंपन्यांची भेट होते आणि स्वारी परत जालन्याला. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायची, पण व्हाया दादर!

ही भेट जिथे होते, ती जागा म्हणजे इंटरनेट एक्स्चेंज. ग्लॅमर शून्य. एसी लावलेली खोली, लोखंडी रॅक, त्यात एक दणकट स्विच आणि वायरींचा गुंता. वेगवेगळ्या कंपन्या आपापली वायर त्यात खोचतात आणि ठरवतात, ‘तुझ्या गिऱ्हाइकाचा डेटा मी थेट घेतो, माझ्याचा तू घे.’ याला म्हणतात पिअरिंग. तिसऱ्या बड्या कंपनीला भाडं द्यायची गरज नाही.

आपल्याकडे हे उशिराच सुचलं. पूर्वी दोन भारतीय कंपन्यांमधला डेटासुद्धा अनेकदा परदेशवारी करून यायचा, आणि तीही डॉलर मोजून. म्हणून २००३ मध्ये ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया स्थापन झाली. नंतर डीई-सिक्स, एक्स्ट्रीम आयएक्स अशी खासगी मंडळीही मैदानात आली. महाराष्ट्रात या सगळ्यांचा मोठा अड्डा कुठे? अर्थात मुंबई. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, डेटा सेंटर्सही तिकडेच.

आता तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. जालना ते मुंबई चारशे किलोमीटर, म्हणजे जेमतेम २ मिलिसेकंद. खरंय! वेगाचं रडगाणं इथे फारसं चालत नाही. खरा मामला पैशांचा आहे. जालन्यातल्या छोट्या केबलवाल्याला मुंबईच्या एक्स्चेंजपर्यंत पोचायलाच भाड्याची लाइन घ्यावी लागते. रात्री नऊला अख्खं गाव क्रिकेट आणि वेबसिरीज लावतं, तेव्हा ती लाइन गच्च भरते. जवळपास एक्स्चेंज असेल, चार-पाच कंपन्या तिथे जमल्या, तर व्हिडिओवाल्या कंपन्यांनाही आपला कॅश सर्व्हर तिथेच ठेवणं परवडतं. मग तीच मॅच घरटी मुंबईहून मागवायला नको. एकदाच आणायची, गावात वाटायची.

जालनेकरांना हे वेगळं समजवायला नको. २०१५ मध्ये इथल्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन झालं, त्यामागचं लॉजिक हेच होतं. कंटेनरची कस्टमची कटकट बंदरावर कशाला, घराजवळच उरका ना! बियाणं आणि स्टीलवर ‘सोने का पालना’ झालेल्या गावाला डेटाचं ड्राय पोर्ट का नको?

दुसरा मुद्दा जेसीबीचा. हायवेवर कुणीतरी खोदतं, केबल तुटते आणि मिल ते घर हा नदीपलीकडचा संपर्कही खलास. लोकल एक्स्चेंज असेल तर निदान गावातलं गावात चालू राहतं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा भारतातही नेट मंदावलं होतं. तुटायला समुद्र लागतो असं नाही, फावडंही पुरतं.

मात्र स्विच बसवला आणि फीत कापली की काम फत्ते, असं अजिबात नाही हं. यूपीआय पेमेंट तर बँकेच्या सर्व्हरपर्यंत जाणारच, आणि तो जालन्यात नाही. शिवाय बड्या कंपन्या आल्याच नाहीत तर ते रिकामं एसटी स्टॅण्ड. त्यांना भाडं मिळतंय, त्या कशाला येतील? केनियात २००० साली एक्स्चेंज सुरू झालं, तर तिथल्या सरकारी टेलिफोन कंपनीने तक्रार करून ते दोन आठवड्यांत बंद पाडलं! २००२ मध्ये ते पुन्हा उघडलं. पुढे २०१२ ते २०२० या काळात तिथे देशातल्या देशात फिरणारा डेटा ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेला. चिकाटीचं काम आहे, राजा.

दिवाळीला गावी जाऊन लॅपटॉप उघडणार असाल तर एक गंमत करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ट्रेसर्ट’ टाइप करून पुढे मित्राच्या घरचा आयपी टाका. मित्राची कंपनी वेगळी हवी. डेटा कुठून कुठून फिरून येतो, त्याची अख्खी यादी उमटेल. ती केबलवाल्या दादांना दाखवा आणि विचारा, ‘दादा, तुम्ही पिअरिंग कुठे करता?’