कलमांवाटे फिरणारा रोग

प्रवरेच्या कालव्यांखालची श्रीरामपूर-राहुरीची जमीन म्हटली की आज उसाचीच आठवण होते. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि कालव्याच्या पाण्यावर त्या मातीत पुढे मोसंबीच्या बागाही उभ्या राहिल्या. या बागांत शेंड्याकडून वाळत येणारी मर शिरली, आणि तिच्या अभ्यासासाठी श्रीरामपुरास स्वतंत्र संशोधन योजना चालवावी लागली, हे आजच्या पिढीला फारसे ठाऊक नाही. आता अहिल्यानगर जिल्ह्यात ठिबकाच्या आधाराने मोसंबी पुन्हा लागत आहे, श्रीगोंद्याच्या कागदी लिंबाने बाजारात आपले नाव केले आहे, आणि म्हणूनच एक जुना प्रश्न नव्याने विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते. बागेत येणारे कलम आपल्याबरोबर काय घेऊन येते, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची?

झाड वाळू लागले की शेतकरी जमिनीला दोष देतो, पाण्याला देतो, खताला देतो. ही कारणे सर्वस्वी खोटी नव्हेत. चोपण जमीन आणि अति पाणी यांनी बागा बसतातच. परंतु १९५०-६० च्या दशकांत पुण्यात डॉ. कपूर व त्यांचे सहकारी यांनी जे काम केले, त्याने या मरीचा दुसरा चेहरा उघड केला. ट्रिस्टेझा हा विषाणू काळ्या माव्यावाटे पसरतो, आणि ग्रीनिंग हा रोग सिट्रस सिला नावाची इवलीशी कीड एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, हे त्यांनी दाखविले. सिलाविषयीचा त्यांचा निबंध १९६७ चा आहे. आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या डॉ. लिलियन फ्रेझर व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी भारतातील मरीमागे ग्रीनिंग असण्याचा संभव वर्तविला होता. पण मावा काय किंवा सिला काय, स्वतःच्या पंखांनी फार दूर जात नाहीत. शेकडो कोस प्रवास करतो तो डोळा. रोगट मातृवृक्षावरून काढलेला एक डोळा जंबेरीच्या खुंटावर बसला, की ते हिरवेगार दिसणारे कलम मालमोटारीत चढते व जिल्ह्याच्या सीमा ओलांडते. शेतकऱ्यास खरी गोष्ट कळते ती चार-पाच वर्षांनी, बहार धरण्याच्या वेळी. तोवर त्याचे पैसे, पाणी व उमेदीची वर्षे त्या खड्ड्यांत गेलेली असतात.

कायदे नाहीत असे नव्हे. १९१४ च्या कायद्याने परदेशांतून येणाऱ्या रोपांवर बंदरांत नजर ठेवली जाते. त्याच कायद्याखाली देशांतर्गत विलग्नवासही घालता येतो. लिंबूवर्गाला छळणाऱ्या एका खवलेकिडीसाठी तसा तो पूर्वी घातलाही गेला. राज्याचा १९६९ चा फळरोपवाटिका कायदा परवाना सक्तीचा करतो व खुंट आणि डोळा कोठून आणला याची नोंद ठेवावयास लावतो. पण नोंदवही डोळ्याचा पत्ता सांगते, त्याची प्रकृती सांगत नाही. त्यासाठी मातृवृक्षाची परीक्षाच करावी लागते. गंमत अशी की, ट्रिस्टेझा ओळखण्यासाठी जगभर साक्षीदार म्हणून उभे केले जाते ते आपले कागदी लिंबूच. संशयित झाडाचा डोळा त्याच्या रोपावर बांधला की काही आठवड्यांत कोवळ्या पानांच्या शिरा पारदर्शक होऊन गुन्हा शाबीत होतो. आता तर प्रयोगशाळेत हेच काम याहून किती तरी लवकर होते.

हे न केल्यास काय होते, याचे उत्तर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मिळते. तेथे १९९८ साली सिला आढळली, २००५ साली ग्रीनिंग. २००३-०४ च्या हंगामात त्या राज्याने संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या काढल्या होत्या. २०२३-२४ मध्ये त्या दोन कोटींच्याही आत आल्या. आणि सिला राज्यभर पोहोचविण्यास कारण झाल्या त्या दुकानांत विकल्या गेलेल्या कुंतीच्या शोभेच्या कुंड्या! आपल्या बंगल्यांच्या कुंपणाला हीच कुंती असते, परसात कढीपत्ता असतो, आणि सिला या दोहोंवर सुखाने नांदते. हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा आहे अशा समजुतीत शहरी वाचकाने राहू नये.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५ कोटी रुपयांचा रोगमुक्त रोपांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यात लिंबूवर्गासाठी नागपूरच्या संशोधन संस्थेकडे दृष्टी आहे. ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु नागपुरात शुद्ध डोळा तयार झाला आणि नगरच्या शेतकऱ्याने मात्र दारावर आलेल्या गाडीतून स्वस्तातले कलम घेतले, तर उपयोग काय? २०१८ पासून फुंडकर योजनेखाली फळबागांना सरकार अनुदान देत आहे. लिंबूवर्गीय कलमांपुरते तरी ते अनुदान मातृवृक्षाच्या परीक्षेचा दाखला असल्याखेरीज देऊ नये, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. यात नवा कायदा लागत नाही. एक कलम वाढविले की पुरे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जिल्ह्यातल्या रोपवाटिकांची परीक्षा दरवर्षी करून तिचा निकाल तालुक्याच्या चावडीवर लावावा. प्रामाणिक रोपवाटिकाधारकाचा यात फायदाच आहे.

राहिला प्रश्न रोगट झाडांचा. ती उपटावीत असे सांगणे सोपे आहे. पण अर्धे उत्पन्न देणारे झाड केवळ शेजाऱ्याच्या बागेसाठी उपटा, असे ज्यास सांगावयाचे त्याच्या हाती काही ठेवले पाहिजे. भरपाई न देणारा हुकूम शेतकरी पाळणार नाही, आणि आम्ही त्यास दोष देणार नाही. उपटलेल्या प्रत्येक झाडामागे परीक्षित कलम व फळ धरेपर्यंतच्या वर्षांचे काही साहाय्य, एवढी तरतूद येत्या अंदाजपत्रकात व्हावी. त्याचा आरंभ श्रीरामपूर व श्रीगोंदा या दोन तालुक्यांपासून करता येईल.