नळीतल्या थेंबांचा मापाडी

आजारी वृद्धाला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या नातलगांच्या दोन मागण्या आम्हा डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. पहिली, “डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येईल.” आणि सलाईन लावून झाल्यावर दुसरी, “थोडे फास्ट करा, गावी परतायचे आहे.” पहिलीविषयी थोडक्यात सांगतो. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, याखेरीज काही नसते. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. ज्वारीच्या एका भाकरीतून याहून अधिक उष्मांक मिळतात. ज्याला तोंडाने घेता येते आणि ते पचते, त्याला शिरेतून देण्याचे कारण सहसा नसते.

आज बोलायचे आहे ते दुसऱ्या मागणीविषयी. तरुण माणसाला जुलाब होऊन अंगातले पाणी आटले असेल, तर बाटली भराभर देता येते, कधी द्यावीच लागते. सत्तरीपुढील माणसाचे हृदय आणि मूत्रपिंडे मात्र अचानक आलेले पाणी त्याच सहजतेने सांभाळू शकत नाहीत. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर विशेषच. चार तासांत जायची बाटली तासाभरात गेली, तर ते पाणी फुप्फुसांत साठू शकते. रुग्णाला आडवे झोपवत नाही, खोकला सुरू होतो, धाप लागते. वाढल्यास गुलाबीसर फेस येतो. यामागचे कारण पुष्कळदा एवढेच असते, की डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर कुणीतरी भल्या हेतूने नळीवरचे चाक थोडे वर सरकवलेले असते.

सलाईनची गती थेंबांवरून मोजतात. आपल्याकडच्या साध्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. लहान मुलांसाठी वा मोजून द्यायच्या औषधांसाठी जो सूक्ष्मथेंबी सेट असतो, त्यात ६० थेंबांचा. हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे, तर साध्या सेटने एकूण १०,००० थेंब २४० मिनिटांत जावे लागतात, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२.

हिशेब सोपा आहे, पण तो टिकत नाही. आपल्या भागातील शेतकरी वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. ठिबकच्या नळीवर ड्रिपर एकाच मापाचे असले, तरी टाकीजवळ आणि शेवटच्या टोकाला पाणी सारखे पडत नाही. दाब बदलला की प्रवाह बदलतो. सलाईनचेही तेच. बाटली रिकामी होत जाते तशी पाण्याची पातळी उतरते, रुग्ण कोपर वाकवतो, खाटेवर उठून बसतो, चाकाखाली दाबलेली प्लास्टिकची नळी हळूहळू आपला आकार बदलते. सकाळी ४२ वर लावलेली गती दुपारी २५ वर आलेली असते, किंवा ६० वर गेलेली. शिवाय थेंब म्हणजे काही शिक्का मारलेले माप नव्हे. द्रव कोणता आहे आणि तो किती वेगाने पडतो आहे, यावर थेंबाचा आकार बदलतो.

अतिदक्षता विभागात म्हणून पंप असतात. पण पंपालाही एक गोष्ट कळत नाही. सिरिंज पंपाला आपण दट्ट्या किती ढकलला हे ठाऊक असते. पलीकडे नळीतून खरोखर किती गेले, हे तो मोजत नाही. वेदनाशामक किंवा रक्तदाब सावरणारे औषध तासाला एखादाच मिलिलिटर चालू असेल आणि नळी कुठे दुमडली, तर आतला दाब पुरेसा वाढून धोक्याची घंटा वाजेपर्यंत अर्धा-पाऊण तासही जाऊ शकतो. तेवढा वेळ रुग्ण औषधाविना असतो, आणि पंपाच्या पडद्यावर मात्र सर्व काही ठीक दिसते.

इतका बारीक प्रवाह मोजायचा कसा? घराच्या नळावरच्या मीटरसारखे चक्र त्यात फिरणारच नाही. थेंब मोजावेत, तर तासाला पाच मिलिलिटरच्या गतीने साध्या सेटमध्ये दोन थेंबांमध्ये ३६ सेकंदांचे अंतर पडते. येथे उष्णता उपयोगी पडते.

थंडीतली शेकोटी डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक, असे दोघे सारख्या अंतरावर बसले आहेत. वारा नसेल, तर दोघांनाही ऊब सारखीच लागते. पश्चिमेकडून वारा सुटला, की पूर्वेच्या माणसाला ऊब अधिक लागते आणि पश्चिमेचा कुडकुडतो. या दोघांच्या उबेतील फरकावरून वारा किती आहे, याचा अंदाज बांधता येईल. उष्णतेवर चालणारा प्रवाहमापक हेच करतो. बारीक नळीच्या भिंतीवर मधोमध एक इवलासा तापक, त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक तापमापक. द्रव स्थिर असता दोन्हीकडे तापमान सारखे. द्रव वाहू लागताच पुढचा तापमापक अधिक उबदार होतो आणि मागचा निवतो. तापक काही अंशांपुरताच तापतो, त्यामुळे औषध तापण्याची भीती नाही, आणि मापकाचा द्रवाला स्पर्श होईलच असेही नाही. प्रवाह थांबला तर ते थोड्याच वेळात कळते. हवेचा बुडबुडा आला तरी कळते, कारण हवा आणि पाणी उष्णता सारखी वाहून नेत नाहीत. स्वित्झर्लंडच्या सेन्सिरिऑन कंपनीने या तत्त्वावरचा, एकदा वापरून टाकून द्यायचा मापकही बनवला आहे.

ही युक्ती मुळात नवी नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रुनो ह्युबर यांनी १९३२ मध्ये झाडाच्या खोडातून वर चढणाऱ्या रसाचा वेग उष्णता देऊनच मोजला होता. मोसंबीच्या झाडाला पाणी किती लागते, हेही याच मार्गाने पाहता येते.

वृद्धांच्या दृष्टीने आणखी एक उपयोग महत्त्वाचा वाटतो. उतारवयात काहींच्या मेंदूत पाणी साठून चाल अडखळते, लघवीवर ताबा राहत नाही, विस्मरण होते. अशा काही रुग्णांना शस्त्रक्रियेने मेंदूपासून पोटापर्यंत कातडीखालून नळी बसवतात. तिला शंट म्हणतात. ही नळी तुंबली की लक्षणे परततात, आणि ती तुंबली आहे की नाही हे बाहेरून सांगणे अवघड असते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये कातडीवर चिकटवायची एक पातळ पट्टी प्रसिद्ध केली. ती नळीवरच्या कातडीला किंचित ऊब देते, आणि ऊब कोणत्या बाजूला सरकते यावरून आत प्रवाह आहे की नाही, हे सुचवते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत.

मात्र या मापाड्याच्या मर्यादा ध्यानात घ्याव्यात. तो पाण्यावर पारखलेला असेल आणि नळीतून दाट ग्लुकोज किंवा स्निग्ध द्रव जात असेल, तर आकडा चुकतो. आणि नळीतून गेलेला द्रव शिरेतच गेला की शिरेबाहेर पडून हात सुजला, हे त्याला सांगता येत नाही. ते पाहायला शेजारी बसलेले माणूसच हवे.

असे मापक आपल्या खाटांपर्यंत पोहोचायला वेळ आहे. तोपर्यंत, घरी किंवा दवाखान्यात वृद्धाला सलाईन चालू असता, डॉक्टरांना विचारा: बाटली किती तासांत संपायला हवी आणि मिनिटाला किती थेंब? कागदावर लिहून घ्या. दर अर्ध्या तासाने घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थेंब मोजा. रुग्ण उठून बसला किंवा कूस पालटली, तर पुन्हा मोजा. बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या खुणा केल्यास अधिक बरे. सुईभोवती सूज, गारवा वा ठणका आहे का, ते हात लावून पाहा. गती बदललेली दिसली तर नर्सला बोलवा. चाकाला स्वतः हात लावू नका. याला अपवाद एकच. धाप लागली, खोकला सुरू झाला, आडवे झोपवेना, तर चाक पूर्ण बंद करा, रुग्णाला पाय खाली सोडून बसते करा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. घरी असाल तर १०८ ला फोन करा. सुई मात्र काढू नका, औषध द्यायला ती लागेल.