गृहीतक कोडमध्येच लिहा

एम्बेडेड सी लिहिणाऱ्याच्या मनात काही गोष्टी पक्क्या असतात: इंट चार बाइटांचा, अमुक स्ट्रक्चर बारा बाइटांचे. त्या कोडमध्ये मात्र उतरत नाहीत. पुण्याच्या केपीआयटीने रेनेसासच्या एच८ आणि एसएच या चिपसाठी जीएनयू टूलचेन पुरवल्या. त्यातल्या जीसीसी कंपायलरमध्ये एच८चा इंट मुळात दोन बाइटांचा, एसएचचा चार. एसएचवर इंटमध्ये सहज मावणारे ४०,००० एच८वर मावतच नाहीत.

भंडारा जिल्ह्यातील एकोडीच्या धानशेतीत पंपाच्या स्टार्टरमध्ये बसवलेला कंट्रोलर डोळ्यांसमोर आणा. त्याची सेटिंग्ज ईईप्रॉममध्ये एका स्ट्रक्चरच्या रूपात साठवलेली आहेत. नव्या फर्मवेअरमध्ये एका फील्डचा टाइप बदलला, पॅडिंग सरकले, की जुनी सेटिंग्ज भलत्याच जागेवरून वाचली जातात. कोऱ्या चिपवरच्या चाचणीत हे दिसत नाही. ऐन रोवणीत पंप अडतो, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती काहीच नसते. ही चूक बिल्डमध्येच पकडली जायला हवी.

त्याची सोय भाषेतच आहे. सी११मध्ये स्टॅटिक अ‍ॅसर्ट आले. सी२३मध्ये ते थेट त्याच नावाचे कीवर्ड झाले आणि संदेश ऐच्छिक ठरला. अट खोटी निघाली तर कंपाइल थांबते. खरी असेल तर बायनरीत एक बाइटही वाढत नाही.

जुन्या कंपायलरवर मॅक्रो लागतो. प्रीप्रोसेसरला साइझऑफ कळत नाही, म्हणून अट मोडल्यास अ‍ॅरेचा आकार उणे एक होईल अशी रचना करतात. हा अ‍ॅरे एक्स्टर्न म्हणून घोषित करावा. टाइपडेफचे नाव दुसऱ्यांदा आले तर सी९९ त्याला चूक मानते. एक्स्टर्नची तीच घोषणा पुन्हा चालते. शिवाय फंक्शनमधला साधा अ‍ॅरे अट स्थिरांक नसली तरी व्हेरिएबल-लेंग्थ अ‍ॅरे म्हणून निमूट स्वीकारला जातो. एक्स्टर्नला ती पळवाट नाही.

सेन्सरचे रीडिंग, तुटलेली वायर, अपुरी मेमरी यांची तपासणी प्रोग्राम चालतानाच करावी लागेल. पण ज्या स्ट्रक्चरचे बाइट ईईप्रॉममध्ये किंवा वायरवर जातात, त्याचा आकार कंपाइल करतानाच ठाऊक असतो. म्हणून प्रत्येक टीमने एक नियम करावा: अशा स्ट्रक्चरखाली आकाराचे आणि प्रत्येक फील्डच्या ऑफसेटचे अ‍ॅसर्ट नसेल, तर रिव्ह्यूमध्ये तो कोड मंजूर करू नये. संदेशात ‘आकार चुकला’ एवढेच न लिहिता कोणती जुनी सेटिंग्ज बिघडतील तेही लिहावे, कारण तो वाचणारा बहुधा नवखा सहकारी असेल.